व्यायामाची चटई दिसली की तो रडायला लागतो

*मॅडम, माझा मुलगा सात वर्षांचा आहे. आठव्या महिन्यात झाला, वजन दीड किलो, बरेच दिवस काचेच्या पेटीत होता. दोन वर्षांचा झाल्यावर सेरेब्रल पाल्सी असल्याचं कळलं, म्हणजे मेंदूला इजा झाल्यानं हालचालींवर ताबा राहत नाही. डॉक्टर डायप्लेजिया म्हणाले, म्हणजे दोन्ही पायांवर जास्त परिणाम. बोलतो छान, अभ्यासात हुशार आहे. पाय मात्र कडक, टाचा टेकत नाहीत. घरात भिंतीला धरून चालतो, बाहेर वॉकर लागतो. त्याचे वडील आठवड्यातून दोनदा मोटारसायकलवरून फिजिओथेरपीला नेतात. घरी रोज दोन तास व्यायाम घ्यायला सांगितलेत, त्यासाठी मी शिवणकाम बंद केलं. पण चटई अंथरली की हा रडायला लागतो. पाय ताणले की किंचाळतो. मी रागावते, कधी हातही उचलते, मग रात्री मलाच झोप लागत नाही. सासूबाई म्हणतात, पोराला छळू नकोस, मालिशवालीला बोलाव. ह्यांच्या मित्रानं मुंबईत स्टेम सेलचा, म्हणजे मूळ पेशींचा, उपचार करून घ्या म्हणून सांगितलंय, त्यासाठी कर्ज काढायचं चाललंय. पुढच्या वर्षी तिसरीचा वर्ग माडीवर आहे, गुरुजी म्हणतात, "बघा काय ते." परवा म्हैस व्याली, तर हा आपला आपण गोठ्यात गेला आणि गव्हाणीला धरून कितीतरी वेळ रेडकाकडे बघत उभा! व्यायामाला मात्र पाच मिनिटं उभा राहत नाही. आळशी आहे का तो? आणि चालेल ना हो तो?*

*— एक आई, गडहिंग्लज तालुका*

ताई,

आधी ती चटई गुंडाळून माळ्यावर टाका. व्यायाम बंद करा असं मी म्हणत नाही. पण दोन तासांचा जो प्रकार तुमच्याकडे चाललाय, त्यात मुलाच्या पायांना मिळतंय थोडं आणि तुमच्या दोघांचं जातंय फार. आणि पोरगा आळशी नाही. त्याचा पुरावा पत्राच्या शेवटी तुम्हीच दिलाय, फक्त तक्रार म्हणून दिलाय.

गव्हाणीला धरून तो उभा होता तेव्हा काय काय चाललं होतं, बघा. दोन्ही पायांवर वजन. गुडघे आणि कंबर जमेल तितकी सरळ, कारण वाकून राहिलं तर गव्हाणीपलीकडचं रेडकू दिसणार कसं? रेडकू हललं की याचा तोल या पायावरून त्या पायावर. मध्येच एक हात सोडून त्याला शिवायचा प्रयत्नही केला असणार. हेच सगळं करवून घ्यायला आम्हाला क्लिनिकमध्ये खेळणी, आरसे, गाणी अशी सगळी वरात काढावी लागते. तुमच्याकडे म्हशीनं ते फुकटात करून घेतलं.

ही नुसती गंमत नाही. सेरेब्रल पाल्सीत कोणते उपचार खरोखर उपयोगी पडतात, याचा ऑस्ट्रेलियातल्या आयोना नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठा धांडोळा घेतलाय. २०१३ साली एकदा, मग नव्या अभ्यासांची भर घालून २०२० साली पुन्हा. उपचारांना त्यांनी सिग्नलसारखे हिरवे, पिवळे, लाल रंग दिले. मुलाला जे करायचंय तेच काम ठरवून, त्याच्याकडून, त्याच्या खऱ्याखुऱ्या जागेत पुन्हा पुन्हा करून घेणं हिरव्यात आलं. मूल आडवं आणि दुसरंच कुणी त्याचे हातपाय हलवतंय, या पद्धतीच्या बाजूनं फारसं काही निघालं नाही. नुसतं हातानं ताणून स्नायू लांब होतो, यालाही भक्कम आधार सापडला नाही. मेंदू शिकतो तो स्वतः केलेल्या हालचालीतून.

आता तो किंचाळतो का, ते सांगते. वेळेआधी जन्मलेल्या बाळांमध्ये मेंदूच्या आतल्या पोकळ्यांच्या कडेचा भाग फार नाजूक असतो. पायांकडे जाणारे मज्जातंतू नेमके तिथूनच, अगदी पोकळीला खेटून जातात. म्हणून अशा मुलांमध्ये पायांना जास्त फटका बसतो, बोलणं आणि बुद्धी पुष्कळदा शाबूत राहते. ही इजा पुढे वाढत नाही. पण तिच्यामुळे स्नायूंवरचा ताबा सुटतो आणि ते आवळलेले राहतात. या आवळण्याची एक खोड आहे : जितक्या झटक्यानं ओढाल तितका स्नायू उलटा जोरात आवळतो. भीती, थंडी, रडणं यांनीही कडकपणा वाढतो. म्हणजे रडणाऱ्या मुलाचा पाय घाईघाईनं ताणताना तुम्ही त्याच्या स्नायूशी कुस्ती खेळत असता, आणि त्यात जिंकत कुणीच नाही.

हात उचलता हे तुम्ही लपवलं नाहीत, बरं केलंत. ते थांबायलाच हवं, आणि तुम्हालाही ते हवंय म्हणूनच लिहिलंत. माझा अनुभव असा की आईला जास्त सोसायला सांगून ते थांबत नाही, दोन तासांचं ओझं कमी केलं की थांबतं.

पण किंचाळण्याला दुसरंही कारण असू शकतं, आणि त्यासाठी मी थोडी घाई करायला सांगेन. त्याच्या खुब्यांचा एक्स-रे शेवटचा कधी काढला? पत्रात त्याचा उल्लेख नाही. सेरेब्रल पाल्सी असलेल्या साधारण तीनातल्या एका मुलाचा खुबा हळूहळू वाटीतून सरकतो. मूल जितकं कमी चालतं तितका धोका जास्त. सुरुवातीला दुखत नाही, बाहेरून काही दिसत नाही, आणि दुखायला लागेतो बरंच सरकलेलं असतं. वॉकरवर चालणाऱ्या मुलाचा साधारण वर्षातून एकदा कमरेचा एक्स-रे काढून लहान मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांना दाखवावा. तुमचा राहिला असेल तर याच महिन्यात काढा. मांड्या फाकवताना तो जास्त ओरडत असेल तर तोवर त्या ताणूच नका.

तर चटईऐवजी काय करायचं?

मला एकच व्यायाम निवडायला सांगितला तर मी बसून उठणं निवडेन. आधी जरा उंच स्टूल घ्या, बसल्यावर मांड्या पुढे किंचित उतरत्या राहतील असं. पावलं जमिनीवर सपाट, गुडघ्यांच्या थोडी मागे. आता त्याला पुढे झुकायला सांगा, नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईपर्यंत, आणि मग उठायचं. आपली मुलं इथेच चुकतात. पुढे झुकायची भीती वाटते, म्हणून हातानं काहीतरी ओढून उठतात आणि मांड्यांना काम पडत नाही. समोर तुम्ही बसा, पण त्याला ओढू नका. लागलंच तर त्याचे गुडघे नुसते धरा. सलग सात-आठ वेळा दमछाक न होता जमायला लागलं की कमी उंचीचं स्टूल, मग त्याहून कमी, मग एकावर एक ठेवलेले दोन पाट. पाटापर्यंत यायला काही महिने जातील, जाऊ द्या. पूर्वी असं मानायचे की कडक स्नायूंना ताकदीचे व्यायाम दिले तर ते आणखी कडक होतात. ते खोटं ठरलंय. हे स्नायू कडक असतात तसेच दुबळेही असतात, आणि ताकद वाढवली तर वाढते.

मात्र "चल, व्यायाम कर" म्हणून हे करू नका. लसूण सोलायला बसवा आणि एकेक पाकळी उठून ओट्यावरच्या वाटीत टाकायला लावा. म्हशीचा चारा दोन्ही हातांनी उचलून गव्हाणीत टाकायचं काम त्याच्याकडे द्या, कंबर गव्हाणीला टेकवून. दात घासणं, अभ्यासातला पाढे म्हणण्याचा भाग, मोबाइल बघणं, हे उभ्यानं, टेबलाला धरून. सगळं मिळून दिवसाचा तासभर सहज भरतो आणि कुणालाच कळत नाही. आणि त्याला विचारा की काय करायला आवडेल. सात वर्षांचं पोर स्पष्ट सांगतं. दुकानातून एकट्यानं बिस्किटचा पुडा आणायचा असेल, गल्लीतल्या क्रिकेटमध्ये स्टंपामागे उभं राहायचं असेल. ते फिजिओथेरपिस्टना सांगा आणि म्हणा, पुढचे दोन महिने आपण यासाठीच काम करू. चांगला थेरपिस्ट हे ऐकून खूश होतो. दोन तासांचा कागद त्यांनी दिला तो दुष्टपणानं नाही. मूल आठवड्यातून दोनदाच हाती लागतं, बाकीचे दिवस वाया जाऊ नयेत ही धडपड असते. घरी काय होतंय ते तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांना कळणार नाही.

ताणाचं काय, तर तो पूर्ण सोडायचा नाही. हाडं वाढत जातात आणि आवळलेला स्नायू त्यांच्या मागे पडतो. तुम्ही शिवणकाम करता, म्हणजे उंची वाढल्यावर आखूड झालेली विजार तुम्हाला सांगायला नको. इथे दुमड उसवून लांबी काढता येत नाही, एवढाच फरक. अर्ध्या मिनिटाच्या ओढाताणीपेक्षा बराच वेळ सावकाश मिळणारा ताण बरा, आणि तो स्प्लिंटमधून मिळतो. टाचा टेकत नाहीत असं लिहिलंत, पण स्प्लिंटबद्दल एक अक्षर नाही. पोटरीपासून पावलापर्यंतचा तो प्लॅस्टिकचा एएफओ दिला होता आणि आता लहान झालाय, की दिलाच नाही? या वयात पाय भराभर वाढतो, त्यामुळे स्प्लिंट बदलत राहावा लागतो. आतून सुती मोजा घाला. काढल्यावर कातडीवर लाली दिसली आणि ती अर्ध्या तासात गेली नाही, तर स्प्लिंट चुकतोय. अशा वेळी मुलाला दामटून घालायला लावायचा नाही, बनवणाऱ्याकडे परत न्यायचा. वॉकरही एकदा बघून घ्या. पुढे ढकलायच्या वॉकरवर बरीच मुलं ओणवी होतात. पाठीमागून ओढत न्यायचा वॉकर मिळतो, त्यात अंग जास्त सरळ राहतं. सगळ्यांना मानवतो असं नाही, आधी चालवून बघा.

सासूबाईंची मालिश? करू द्या की. तेल कोमट करून, हळू हातानं, रात्री गोष्ट सांगत. आजीचा हात लागला की पोराला बरं वाटतं, झोप चांगली लागते. त्यानं पाय मोकळे होऊन चालायला लागेल ही आशा मात्र नको. पाय खेचणारी, हाडं कडाकड मोडणारी मालिशवाली तर अजिबात नको.

स्टेम सेलसाठी कर्ज काढू नका. हे मी जितकं ठासून सांगता येईल तितकं ठासून सांगते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सेरेब्रल पाल्सीसाठी स्टेम सेल हा मान्य उपचार नाही. तो फक्त रीतसर चाचणीत, संशोधन म्हणून देता येतो, आणि चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात. जो लाखांत पैसे मागतो आणि सोबत बरी झालेल्या मुलांचे व्हिडिओ दाखवतो, त्याच्याकडून उठून या. तेच पैसे स्प्लिंट, वॉकर, न्हाणीघरातला आधाराचा दांडा यांत घाला. लाखातला फार थोडा भाग लागेल.

आता तुमचा खरा प्रश्न. चालेल का?

तो आजही चालतो, ताई. भिंत धरून, वॉकर घेऊन, पण चालतो. तुम्हाला विचारायचंय ते असं की इतर मुलांसारखा, काही न धरता चालेल का. हाताबाहेरचं वचन मी देणार नाही. या मुलांच्या हालचालींच्या पाच पायऱ्या मानतात, थेरपिस्टच्या भाषेत जीएमएफसीएस. पहिलीतली मुलं जिना कठड्याशिवाय चढतात, पाचवीतल्यांना मान धरायलाही मदत लागते. तुमच्या वर्णनावरून तुमचा मुलगा तिसरीत असावा. नक्की पायरी त्याला तपासणाऱ्यांना विचारा, तुमचा तो हक्क आहे. कॅनडात शेकडो मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेऊन जे दिसलं ते असं : बसणं, उभं राहणं, चालणं यांची बरीचशी मजल पाच वर्षांच्या आसपास गाठून झालेली असते आणि त्यानंतर पायरी सहसा बदलत नाही. म्हणून "दोन वर्षं आमच्याकडे या, पळायला लागेल" असं म्हणणाऱ्यापासून लांब राहा. पण तिसऱ्या पायरीवर राहूनही पुष्कळ बदलतं : एकट्यानं संडासला जाणं, आपली चड्डी आपण घालणं, एसटीची पायरी चढणं, न दमता किती लांब जाता येतं हे. पुढे बारा-तेराव्या वर्षी उंची आणि वजन झपाट्यानं वाढतं तेव्हा चालणं अवघड होतं आणि काही मुलं मागे येतात. तेव्हा उपयोगी पडते ती आत्ता कमावलेली ताकद. आणि लांबच्या अंतराला चाकाची खुर्ची घ्यावी लागली तर घ्या. जत्रेत वॉकरवर अर्ध्या वाटेत दमून रडण्यापेक्षा खुर्चीत बसून पाळण्यापर्यंत पोचलेलं मूल मला जास्त आवडतं.

वाढत्या वयात कधी आवळलेला स्नायू सैल करणाऱ्या बोटॉक्सच्या इंजेक्शनचा, कधी ऑपरेशनचा विषय निघेल. बोटॉक्सचा असर साधारण तीन महिने टिकतो आणि त्या काळात व्यायाम केला नाही तर पैसे पाण्यात. बाकीचं तेव्हाचं तेव्हा.

शाळेचं मात्र आत्ताच हाती घ्या, जूनची वाट बघू नका. गुरुजींचं "बघा काय ते" कागदावर उतरवायला लावा, म्हणजे त्यांनाच ते अवघड वाटेल. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ सांगतो की किमान चाळीस टक्के दिव्यांगत्वाचा दाखला असलेल्या सहा ते अठरा वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे, आणि त्याच्या गरजेप्रमाणे सोय करून देणं हे शाळेचं काम आहे. मुख्याध्यापकांना साधा अर्ज लिहा : तिसरीचा वर्ग तळमजल्यावर घ्यावा. वर्ग खाली-वर करायला पैसा लागत नाही. पोच घ्या आणि एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या. तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचं काम बघणारे विशेष शिक्षक असतात, त्यांना गाठा. अर्जात आणखी दोन गोष्टी लिहा. बस्करावर मांडी घालून बसायला त्याला जमत नाही, म्हणून पावलं जमिनीला टेकतील अशी खुर्ची. आणि मुतारीत धरायला दांडा. तो नसेल तर ही मुलं दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि घरी कुणाला सांगतही नाहीत. खेळाच्या तासाला त्याला वर्ग राखायला बसवत असतील तर तेही बंद करायला सांगा.

दाखला आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) अजून काढलं नसेल तर ऑनलाइन अर्ज करून जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात तपासणीला जा. त्यानंतर नॅशनल ट्रस्ट या सरकारी संस्थेच्या निरामय आरोग्य विमा योजनेत नाव घाला. सेरेब्रल पाल्सीसाठी वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण मिळतं आणि त्यात थेरपीच्या खर्चालाही वाटा असतो. त्याच रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं केंद्र आहे का ते विचारा. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तिथे तपासणी आणि थेरपी मोफत असते.

तुमच्या शिवणकामाबद्दल बोलते आणि थांबते. अशा मुलांच्या आईचं कौतुक करताना लोक फातिमा इस्माईल यांचं नाव घेतात. मुलीला पोलिओ झाला, आणि त्यांनी १९४७ साली मुंबईत अशा मुलांसाठी उपचार केंद्र सुरू केलं. मिठू अलूर यांचंही घेतात. त्यांच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी, आणि १९७२ साली त्यांनी मुंबईतच या मुलांसाठी शिक्षण आणि उपचार एका छपराखाली आणले. दोघीही मोठ्याच. पण कौतुक करणारे एक विसरतात की या बायकांनी डॉक्टर, थेरपिस्ट, शिक्षक गोळा केले, माणसं कामाला लावली. दार लावून एकटीनं मुलाचे पाय ताणत बसल्या नाहीत. तुम्ही मशीन पुन्हा सुरू करा. पैसे येतील, आणि तो उभ्यानं बटणं रंगवार लावत असताना तुमचं कामही होईल.

तुमच्या यजमानांचा पत्रात उल्लेख दोनदाच आहे, एकदा मोटारसायकलवर आणि एकदा कर्जात. पुढच्या खेपेला दोघंही जा. त्यांना बाहेर गाडीपाशी थांबू देऊ नका, आत बसवा, आणि बसून उठण्याचा व्यायाम थेरपिस्टसमोर त्यांच्याकडूनच करवून घ्या. सकाळचा चारा त्यांनी आणि मुलानं मिळून टाकायचा. गोठ्यात तो उभा असतानाचा व्हिडिओ फोनवर काढून न्या, बाजूनं आणि पाठीमागून, पावलं दिसतील असा. आणि एक्स-रेची चिठ्ठी घेतल्याशिवाय उठू नका.